वीतभर विमान आणि त्यामागचा शोध

सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळुरात ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ कंपनी स्थापन झाली. तेव्हा जगातले पहिले जेट विमान, जर्मनीचे हाइंकेल हे-१७८, उडून जेमतेम सोळा महिने झाले होते. सरकारने पुढे कारखाना ताब्यात घेतला, १९६४ साली त्याचे नाव हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाले. स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत भारतात बांधलेली सुरुवातीची जेट विमाने याच कारखान्यातून बाहेर पडली. व्हॅम्पायर आणि नॅट ब्रिटिश परवान्यावर बांधली गेली, तर मरुत आणि किरण आपल्याच आराखड्यावर. सोलापूरच्या एखाद्या घरात कुणी यातल्या विमानाची अचूक प्रतिकृती करायला बसले, तर त्या विमानाशी गावाचे हे जुने नाते आहेच. अडचण येते ती माहितीची. विमान नेमके कसे होते, हे सांगणारा पुरावा कुठे मिळतो आणि त्यातला कोणता ग्राह्य धरायचा?

छंद म्हणून विमाने जोडणारे बरेच जण किटच्या खोक्यातल्या सूचनांच्या कागदावर विसंबून काम करतात आणि त्यातही आनंद असतो. पण अचूकतेची आस लागली की काम बदलते. प्लास्टिक चिकटवण्याच्या आधी अभ्यासाचे काही महिने येतात. १:७२ या सर्वात रूढ प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावरचे सुमारे सव्वासात सेंटिमीटर. मरुतची लांबी १५.८७ मीटर, या प्रमाणात ती बावीस सेंटिमीटर, म्हणजे सुमारे एक वीत होते. एवढ्या आकारात नाकाची गोलाई दोन मिलिमीटरने चुकली तरी ज्याने मरुत पाहिले आहे त्याला ते लगेच खटकते.

या शोधातला पहिला धडा अनुभवी मॉडेलर नेहमी सांगतात. ‘हंटर’ नावाचे कुठलेही एक सर्वसाधारण विमान नसते. असते ते एका क्रमांकाचे, एका स्क्वाड्रनचे आणि एका दिवशीचे विमान. तो दिवस ठरल्याशिवाय रंग, बिल्ले, इंधनाच्या टाक्या, रॉकेटे यांतले काहीच ठरत नाही.

सोलापूरकराला जवळचे उदाहरण बेळगावचे आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजी गोवामुक्तीच्या कारवाईत बेळगावजवळच्या सांबरा तळावरून सहा हंटर उडाले आणि त्यांनी बांबोळीचे रेडिओ केंद्र निकामी केले. त्याच सकाळी पुण्याच्या लोहगाव तळावरून बारा कॅनबेरा बॉम्बफेकी विमाने दाबोळीच्या धावपट्टीवर गेली. ही कारवाई मराठी मुलखातल्या दोन तळांवरून झाली, म्हणून तिच्यातले हंटर करून पाहावे असे इथल्या कुणालाही वाटेल. बाजारात हंटरची किटे मुबलक आहेत. एअरफिक्सचे १:४८ प्रमाणातले एफ-६ उत्तम मानले जाते, रेव्हेलचे १:७२ मधले हंटरही चांगले. पण भारताने घेतले ते एफ-५६. ते एफ-६ वर बेतलेले असले तरी उतरताना वेग कमी करणारी छत्री त्यात बसवलेली होती. तिचे घर शेपटीकडे, इंजिनाच्या नळकांड्याच्या वर येते. किट सरळ एफ-६ चे असेल तर हा फुगवटा घडवावा लागतो. प्लास्टिकची पट्टी, थोडी पुट्टी आणि पॉलिश पेपर एवढ्यावर ते काम होते, पण तो फुगवटा असतो हे आधी ठाऊक हवे.

त्यानंतर खरा प्रश्न येतो. त्या सकाळी पंखाखाली काय होते? हल्ला रॉकेटांनी आणि तोफांनी झाला. म्हणजे स्वच्छ पंखांचे, संचलनातल्यासारखे हंटर दाखवले तर ते त्या दिवशीचे राहत नाही. भारतीय हंटरच्या क्रमांकांची सुरुवात ‘बीए’ या अक्षरांनी होते. त्या काळच्या छायाचित्रात क्रमांक वाचता आला, तर ते विमान कोणत्या तुकडीचे आणि त्यावर बिल्ला होता का, इथपर्यंत पोहोचता येते. गोव्याच्या कारवाईत हंटर उडवणाऱ्या सतरा क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे आज राफेल आहेत. तिच्या इतिहासाकडे अलीकडे लोकांचे लक्ष गेले आहे, हे मॉडेलरच्या फायद्याचे आहे.

क्रमांकांपुढची ही अक्षरे म्हणजे शोधाचा पहिला धागा. फ्रेंच बनावटीच्या मिस्टेअरला ‘आयए’ आणि तुफानीला ‘आयसी’, नॅटला ‘आयई’, कॅनबेराला ‘आयएफ’, मरुतच्या उत्पादनातल्या विमानांना ‘बीडी’ आणि नमुना विमानांना ‘बीआर’. मथळा चुकलेले छायाचित्र ओळखायला एवढी माहिती बऱ्याचदा पुरते.

किटाच्या खोक्यावर भारतीय तिरंगी वर्तुळ छापले आहे म्हणून आतले विमान भारतीय आहे असे समजू नये. नॅटच्या बाबतीत ही गफलत सर्वाधिक होते. एअरफिक्सने वर्षानुवर्षे विकलेले नवे नॅट म्हणजे टी-१, दोन आसनी प्रशिक्षण विमान. ब्रिटनच्या रेड ॲरोज या हवाई कसरती चमूमुळे ते जगभर लोकप्रिय झाले. भारताने ते कधीच घेतले नाही. आपले नॅट एक आसनी लढाऊ विमान. त्याची लांबी ८.७४ मीटर, टी-१ ची ९.६८. नाक, कॅनॉपी (वैमानिकावरचे पारदर्शक झाकण), पंख, शेपूट सगळेच वेगळे. दुसऱ्या आसनाची जागा बुजवून टी-१ चे लढाऊ नॅट होत नाही. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर एकाकी लढलेल्या निर्मलजीत सिंग सेखों यांचे विमान घडवायचे असेल, तर एक आसनी नॅटचेच किट शोधून आणायला हवे. परमवीरचक्राच्या त्या लढतीला एवढा सन्मान द्यायलाच हवा.

व्हॅम्पायरमध्ये फरक पंखाच्या टोकांत आहे. हवाई दलाची पहिली जेट विमाने, तीन व्हॅम्पायर एफ-३, नोव्हेंबर १९४८ मध्ये भारतात आली. त्यांचा पंखविस्तार चाळीस फूट होता. नंतर बंगळुरात बांधलेल्या एफबी-५२ चे पंख छाटलेले, अडतीस फुटांचे. १:७२ मध्ये हा फरक आठ मिलिमीटरहून थोडा जास्त भरतो आणि टोकाचा आकार तर नजरेतच भरतो. शिवाय एफ-३ आली त्या काळात हवाई दलाच्या विमानांवर अशोकचक्राचे चिन्ह होते. बाहेरून केशरी, मध्ये पांढरे आणि आत हिरवे असे आजचे वर्तुळ २६ जानेवारी १९५० नंतरचे. म्हणून १९४९ सालचे व्हॅम्पायर आणि १९५५ सालचे व्हॅम्पायर यांचे डिकल, म्हणजे चिकटवायची छापील चिन्हे, वेगळे आणि पंखही वेगळे.

नौदलाचे सी हॉक याहून फसवे आहे. विमानवाहू आयएनएस विक्रांत १९६१ साली ब्रिटनमध्ये नौदलात दाखल झाली आणि तिच्यासाठी सी हॉक ब्रिटनकडून आली. १९६६ मध्ये पश्चिम जर्मनीच्या नौदलाने वापरलेली आणखी काही सी हॉक भारताने विकत घेतली. जर्मनांनी मागवलेल्या त्या विमानांची उभी शेपूट जास्त उंच होती. त्यामुळे एकाच स्क्वाड्रनमध्ये दोन उंचीच्या शेपट्यांची विमाने शेजारी शेजारी उभी राहिली. ‘व्हाइट टायगर्स’ या नौदलाच्या स्क्वाड्रनचे सी हॉक करताना क्रमांकावरून ते मूळ ब्रिटिश की जर्मन, हे आधी शोधावे आणि मगच किट निवडावे. दोन्ही प्रकारची किटे मिळतात, हे सुदैव.

खरे विमान पाहण्याला मात्र पर्याय नाही, आणि त्यासाठी सोलापूर फार आडबाजूला नाही. सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबई, उद्यान एक्सप्रेसने बंगळूर. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या उद्यानात मरुत उभे आहे. बंगळुरात हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे वारसा केंद्र २००१ पासून खुले आहे; तिथे मरुत, किरण आणि नॅटवर बेतलेले अजित एकाच आवारात पाहता येतात. गोव्यात नौदलाचे हवाई संग्रहालय आहे, तिथे सी हॉक आणि दोन आसनी व्हॅम्पायर आहे. तुफानी, मिस्टेअर आणि बाकीची जुनी मंडळी पाहायची तर दिल्लीत पालमला हवाई दलाचे संग्रहालय गाठावे लागते.

संग्रहालयातल्या विमानाकडून काय घ्यायचे आणि काय घ्यायचे नाही, हे ठरवून जावे. आकार घ्यावा. चाकांची झाकणे आतून कशी आहेत, पाय कसे दुमडतात, मरुतच्या बगलेतल्या हवेच्या तोंडाशी अर्धा शंकू कसा बसतो, नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तोफांची तोंडे कुठे येतात, दोन इंजिनांच्या नळकांड्यांमधली जागा किती, हे सगळे तिथेच कळते. कंबरेशी आवळलेला मरुतचा सांगाडा, ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून दिलेला तो बाक, छायाचित्रात पुरता कळतच नाही. विमानाभोवती फिरत, दर चार पावलांवर एक, असे फोटो घ्यावेत. मोजपट्टी लावायची परवानगी मिळाली तर चाकाचा व्यास आणि पायाची उंची तरी घ्यावी. एक माप पक्के असले की त्याच पातळीतली इतर मापे फोटोवरून काढता येतात.

रंग मात्र तिथून घेऊ नये. उघड्यावरचे विमान ऊन-पावसाने उडते, मग ते हाताशी असलेल्या रंगाने पुन्हा रंगवले जाते. क्रमांकाची अक्षरे नव्याने काढताना उंची बदलते, वर्तुळ मोठे होते, हवेच्या तोंडांना पत्रे लागतात, कॅनॉपी आतून पांढरी पडते. यात कुणाचा दोष नाही. ज्यांच्यावर ती देखभाल येते त्यांना विमान टिकवायचे असते, १९७१ ची छटा राखायची नसते.

मग रंग कुठून मिळणार? इथे अनुभवी अभ्यासकालाही सोपे उत्तर देता येत नाही. १९५० आणि ६० च्या दशकांतली बहुतेक भारतीय छायाचित्रे कृष्णधवल आहेत. त्यांत केशरी आणि हिरवा कधी कधी जवळजवळ एकाच करड्या छटेत उतरतात. आणि लाल रंग न टिपणारी जुन्या पद्धतीची फिल्म असेल तर केशरी काळाकुट्ट दिसतो. रंगीत फोटो मिळाला तरी तो साठ वर्षांत पिवळा किंवा तांबूस झालेला असतो. म्हणून फोटोतली एखादी रंग ठाऊक असलेली वस्तू, गणवेश, गवत, विमानावरचे पांढरे पट्टे, यांच्याशी ताडून निष्कर्ष काढावा लागतो. १९६५ च्या युद्धाच्या वेळी चांदीसारखी चकाकणारी काही विमाने तळावरच घाईने रंगवली गेली. कारखान्यातल्या तक्त्याशी त्या रंगांचा संबंध नव्हता. अशा विमानाला बाटलीवरच्या क्रमांकाचा रंग देऊन ‘अचूक’ म्हणणे धाडसाचे आहे. दोन फोटोंत पट्ट्यांची कड कुठे येते ते जुळवावे आणि छटेबद्दल नम्र राहावे.

पुस्तकांची बाजू पूर्वीपेक्षा बरीच भक्कम झाली आहे. पुष्पिंदर सिंग यांनी १९७४ मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांवर पुस्तक काढले आणि पुढे आयुष्यभर छायाचित्रे जमवली. पी. व्ही. एस. जगन मोहन आणि समीर चोप्रा यांचा १९६५ च्या हवाई युद्धावरचा ग्रंथ, आणि नंतरचा बांगलादेश युद्धावरचा, वैमानिकांच्या मुलाखती आणि नोंदी ताडून लिहिलेला आहे. कोणत्या दिवशी कोणत्या तळावरून कोण उडाले, हे त्यांत सापडते. हवाई दलप्रमुख झालेले हृषीकेश मुळगावकर यांच्या आठवणीही प्रसिद्ध आहेत. परंतु लढाईच्या इतिहासात मॉडेलरला हवे ते सगळे नसते. लेखक वैमानिकाचे धैर्य सांगतो, पंखाखालच्या टाकीचा आकार सांगत नाही.

पुरावा कधी सीमेपलीकडे असतो. ७ सप्टेंबर १९६५ रोजी सरगोधा तळावर गेलेले स्क्वाड्रन लीडर ए. बी. देवय्या आपल्या मिस्टेअरसह परतले नाहीत. त्यांनी ध्वनीच्या दुप्पट वेगाचे एफ-१०४ स्टारफायटर पाडले होते, हे भारतात उशिरा कळले. ब्रिटिश लेखक जॉन फ्रिकर यांच्या १९७९ च्या पुस्तकात पाकिस्तानी बाजूची हकिगत आली तेव्हा धागे जुळले, आणि १९८८ मध्ये देवय्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. तसेच त्या युद्धात पाकिस्तानातल्या पसरूरला उतरलेले ‘आयई १०८३’ क्रमांकाचे नॅट आज कराचीच्या संग्रहालयात आहे. भारतीय नॅटचा अभ्यास करणाऱ्याला तिथल्या पर्यटकांनी काढलेले फोटोही पाहावे लागतात. ब्रिटन आणि फ्रान्समधले कारखाने, तिथली विमानप्रेमी नियतकालिके यांनी सुपूर्त करण्यापूर्वीची छायाचित्रे जपली, त्यामुळे हंटर, कॅनबेरा, मिस्टेअर यांची पहिल्या दिवशीची रूपे परदेशात जास्त स्पष्ट सापडतात.

आपल्याच आराखड्याच्या विमानांना हा आधार नाही. म्हणून मरुत आणि किरण ही सर्वात कठीण आणि सर्वात महत्त्वाची प्रकरणे आहेत.

जर्मन अभिकल्पक कुर्ट टँक १९५६ मध्ये बंगळुरात आले. आधी लाकडाचे पूर्ण आकाराचे ग्लायडर बांधून १९५९ पासून ते डकोटा विमानामागे ओढत उडवले गेले. १७ जून १९६१ रोजी चाचणी वैमानिक सुरंजन दास यांनी पहिले मरुत उडवले. एकूण १४७ बांधली गेली, त्यांत अठरा दोन आसनी. दहा, एकतीस आणि दोनशे वीस या क्रमांकांच्या स्क्वाड्रनांनी ती वापरली. एका मरुतवर इजिप्तमध्ये ब्रँडनर ई-३०० हे इंजिन बसवून चाचण्याही झाल्या. एवढा समृद्ध इतिहास असून जगातल्या कुठल्याही मोठ्या किट कंपनीने मरुत काढलेले नाही. छोट्या कारागिरांची रेझिनची किटे अधूनमधून येतात. नाही मिळाले तर लाकूड किंवा प्लास्टिकच्या पत्र्यातून ते उभे करावे लागते, आणि मग आराखड्याची अचूकता हाच सगळा पाया. प्रसिद्ध झालेले तीन बाजूंचे आराखडे एकमेकांवरून उतरवलेले असतात. एकातली चूक दहांत दिसते म्हणून ती खरी ठरत नाही. वरळीला किंवा बंगळुरात उभ्या असलेल्या विमानावरून छेद तपासणे हाच खात्रीचा मार्ग.

किरणची कहाणी मराठी वाचकाला अधिक जवळची. त्याचे मुख्य अभिकल्पक विष्णू माधव घाटगे कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत गॉटिंगनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली ते शिकले आणि बंगळुरात त्यांनी एचटी-२ हे पहिले भारतीय प्रशिक्षण विमान घडवले. किरण ४ सप्टेंबर १९६४ रोजी उडाले. घाटग्यांना पुढच्याच वर्षी पद्मश्री मिळाली. पहिल्या नजरेत किरण ब्रिटनच्या जेट प्रोव्होस्टसारखे दिसते. दोन्हींत वैमानिक शेजारी शेजारी बसतात, दोन्हींत व्हायपर इंजिन. म्हणून जेट प्रोव्होस्टचे किट घेऊन त्याला भारतीय डिकल लावण्याचा मोह होतो. तो टाळावा. घाटग्यांच्या चमूने सुरुवातीपासून वेगळे विमान आखले होते आणि त्याचे नाक, पंख, शेपूट यांना त्यांचे स्वतःचे वळण आहे. शिवाय किरणमध्येही पोटभेद आहेत. मूळ विमानाच्या पंखाखाली शस्त्रे टांगायची सोय नव्हती, नंतरच्या उपप्रकारात दोन जागा आल्या. मार्क-२ मध्ये ऑर्फियस इंजिन, चार जागा आणि नाकात बंदुका.

सूर्यकिरण हा कसरती चमू १९९६ साली मार्क-२ घेऊनच उभा राहिला आणि त्याचे घर बिदरचा हवाई तळ. उमरगा, बसवकल्याणच्या वाटेने सोलापूरहून ते काही तासांवर. चालू तळाच्या कुंपणावरून फोटो काढणे अर्थातच बेकायदा आहे. पण २०११ पर्यंत नऊ किरणांची रचना ज्यांनी जाहीर प्रात्यक्षिकांत पाहिली आणि टिपली, त्यांच्या संगणकात आज मोलाची सामग्री पडून आहे. पोटाच्या बाजूचा फोटो संग्रहालयात कधीच मिळत नाही. तो आकाशाकडे कॅमेरा धरणाऱ्यांनाच मिळालेला असतो.

या विषयातली सर्वात मोठी पोकळीही आपल्या भागातच भरून निघू शकते. वैमानिकांच्या आठवणी छापल्या गेल्या, पण विमान रोज हाताळणारे होते ते फिटर, रिगर, शस्त्रसामग्री चढवणारे, रंगारी. सोलापूर, सातारा, सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यातून सैन्यदलांत गेलेल्यांची परंपरा मोठी. त्या पिढीतले अनेक जण आता ऐंशीच्या पुढे आहेत. निवृत्त एअरमनच्या घरी ट्रंकेत एखादा गट-फोटो असतोच. पुढे बसलेली माणसे, मागे विमान. घरच्यांसाठी त्यात आजोबा महत्त्वाचे असतात. अभ्यासकाला मागे अर्धवट दिसणारा क्रमांक, चाकाच्या झाकणावरचे आकडे, शेपटीवरचा बिल्ला हवा असतो. सुरुवातीच्या भारतीय जेटविषयीचे कितीतरी वाद अशा एका फोटोने मिटू शकतात.

असा फोटो घरी असेल तर तो कडा न कापता, शक्य तितक्या मोठ्या आकारात स्कॅन करावा. मागची बाजूही स्कॅन करावी, कारण तारीख, तळाचे नाव आणि स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. रंग सुधारणारे सॉफ्टवेअर मूळ प्रतीवर चालवू नये. आणि ज्यांनी तो काढला किंवा जे त्यात उभे आहेत, ते हयात असतील तर त्यांच्याजवळ बसून विचारावे: हे कोणते वर्ष, कोणता तळ, रंग कुणी दिला, हिरवा होता की तपकिरी. उत्तर त्यांच्या शब्दांत, तारीख घालून, लिहून ठेवावे आणि त्याची एक प्रत फोटोसोबत ठेवावी.